भीड भिकेची बहीण

घरखर्चाची वही : वाचकांचे प्रश्न

सप्रेम नमस्कार ताई,

मी मिरजेची, वय ३९. हे कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, हातात ४६,००० येतात. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे महिन्याला सरासरी १०,००० होतात. घरात मामंजी (वय ७३), आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. गेल्या वर्षी २० लाखांचं कर्ज काढून फ्लॅट घेतला. मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के.

महिन्याचा खर्च असा : हप्ता १७,४००. वाणसामान, दूध, भाजी, गॅस १३,५००. शाळा, क्लास आणि रिक्षाकाका ८,२००. वीज, मोबाइल, नेट २,९००. मामंजींची मधुमेहाची औषधं २,६००. पेट्रोल २,४००. विमा ३,०००. भिशी २,०००. उरतात चार हजार. ते ‘किरकोळ’मध्ये जातात.

उधारी कुणाची नाही. हप्ता एकदाही चुकलेला नाही. तरी महिन्याच्या शेवटी वही मिटताना वाटतं, हे सगळं कशासाठी चाललंय? लग्नाआधी मी पेटी वाजवायचे, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या आहेत. पेटीचा भाता फाटला आहे, दुरुस्तीचे २,२०० सांगितले. तीन वर्षं ‘पुढच्या महिन्यात बघू’ चाललं आहे. मार्चमध्ये एका रविवारी सगळे हरिपूरला संगमावर गेलो होतो. भेळ खाल्ली, दोन तास नदीकडे बघत बसलो. मुलं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. आता हे म्हणतात, किरकोळ बंद करून ते चार हजारही कर्जात भरू. ह्यांच्या लहानपणी घर गहाण पडलं होतं, त्यामुळे कर्ज म्हटलं की ह्यांना झोप लागत नाही. माझी भिशी तेवढी चालू आहे, महिन्यातून एकदा आम्ही बाराजणी जमतो, हसतो, खातो. ह्यांच्या मते तीही वायफळच.

आनंदासाठी बजेटमध्ये जागा करणं चूक आहे का? की कर्ज फिटेपर्यंत गप्प बसायचं?

सोबत वहीच्या तीन महिन्यांच्या पानांचे फोटो पाठवते आहे.

*— एक वाचक, मिरज*

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि वहीची पानं तीनदा. अक्षर फार सुंदर आहे तुमचं. इतकी नीट वही ठेवणारं माणूस उधळं असूच शकत नाही, हे आधी स्वतःला सांगा.

आता वहीबद्दल. तुम्ही सगळ्या ओळी लिहिल्यात, पण जिथे तुमचं घर खरं दिसतं ती ओळ तुम्ही ‘किरकोळ’ म्हणून झाकून टाकलीत. मी एकतीस वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली, शेकडो घरांचे हिशेब पाहिले. ‘किरकोळ’ हा शब्द दिसला की मी तिथेच थांबते. फोटोंमधल्या नोंदी जुळवून तीन महिन्यांचे तुमचे १२,००० मी मांडून पाहिले. आहेर, वाढदिवसांची पाकिटं, एक वास्तुशांत : ३,९००. बाहेरून मागवलेलं जेवण : २,८५०. सेलमधले कपडे, डबे, मोबाइलची कव्हरं : २,३००. मंडळाची, सोसायटीची, कारखान्यातली वर्गणी : १,२५०. मुलांच्या वह्या, रंग, चपला : १,१००. मामंजींचं पान आणि भडंग : ३६०. हरिपूर : २४०.

शेवटच्या दोन आकड्यांकडे बघा. बारा हजारांतले सहाशे. म्हणजे ज्या ओळीला हे ‘मौजमजा’ म्हणतात आणि जी बंद करायला निघाले आहेत, तिच्यात वीस रुपयांतला एकच रुपया खरोखर आनंदाचा आहे. बाकीचे एकोणीस कुठे गेले?

आपल्याकडे खर्च दोनच प्रकारांत मोजतात, गरज आणि चैन. मला हे कधी पटलं नाही. माझ्या वहीत तीन रकाने असतात : गरज, हौस आणि भीड. गरज कळते, हौसही कळते. भीड मात्र गरजेचा पदर डोक्यावर घेऊन घरात शिरते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. ‘पाचशेचं पाकीट कसं दिसेल, हजार तरी घालायला हवेत.’ ‘पाहुणे अचानक आले, पोहे काय देणार, बाहेरून मागवू.’ ‘सगळ्यांनी दिली, आपण वर्गणी कमी कशी द्यायची?’ तुमच्या वहीत ३,९०० आणि १,२५० मिळून ५,१५० उघड भिडेचे आहेत, आणि बाहेरच्या जेवणातले निम्मे तरी. शिवाय ३,००० चा विमा. फोटोत एका कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मावसदिरांची पॉलिसी’. ती तुम्ही विम्यासाठी घेतलीत की मावसदिरांसाठी? भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते उगीच नाही. बजेट ताणलं गेलं की आपण कात्री हौसेला लावतो, कारण हौस घरातली असते, बोलत नाही. भीड बाहेरची असते, तिला नाही म्हणायला धीर लागतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : आनंदाला जागा करणं चूक नाही आणि त्यासाठी पैसे नव्याने मिळवायचेही नाहीत. भिडेच्या ताटातले काढून हौसेच्या ताटात वाढायचे आहेत.

कसं, ते सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी नाश्ता झाला की वही सगळ्यांच्या मध्ये ठेवा. मामंजींनाही बोलवा, दोन्ही मुलांनाही. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या रंगाची पेन्सिल द्या. गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी तुम्ही मोठ्याने वाचा. जो खर्च ‘पुन्हा करावासा वाटतो’, त्याच्यापुढे ज्याने-त्याने आपल्या रंगाचं टिंब द्यायचं. एकच नियम : दुसऱ्याच्या टिंबावर कुणी बोलायचं नाही. मामंजींनी रोजच्या पानापुढे टिंब दिलं तर त्यांच्या मधुमेहाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, तो दुसऱ्या दिवशी काढा. आमच्या घरी हा प्रकार पहिल्यांदा केला तेव्हा मुलाने साडेअकराशेच्या बुटांपुढे टिंब दिलं नाही, पतंगाच्या मांज्यापुढे दिलं. मी त्याच्यासाठी बूट घेताना किती काटकसर केली होती!

टिंब नसलेल्या ओळी मग आपोआप उघड्या पडतात. त्यांतल्या गरजेच्या बाजूला काढा. उरेल ती भीड आणि सवय.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. टिंब मिळालेल्या गोष्टी ‘मनोरंजन’ अशा नावाखाली एकत्र बांधू नका. मनोरंजन नावाचं माणूस घरात राहत नाही, त्यामुळे त्याचे पैसे कापताना कुणाला काही वाटत नाही. ‘हरिपूर’, ‘आजोबांचं पान’, ‘पेटी’ अशी नावं लिहा. कापायची वेळ आली तर ‘आजोबांचं पान’ ह्या शब्दांवर काट मारावी लागेल, आणि हात थांबेल. थांबायलाच हवा.

आता तुमच्या ह्यांच्याविषयी. त्यांना चुकीचं ठरवू नका. त्यांचं गणित बरोबर आहे. २० लाखांवर २० वर्षांत तुम्ही साडेएकवीस लाखांहून जास्त व्याज देणार आहात. महिना चार हजार जास्त भरलेत तर हेच कर्ज तेरा वर्षांच्या आत फिटतं. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज असेल तर आधी भरल्याबद्दल बँक दंडही घेऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला. आकडे पाहिले तर कुणीही त्यांच्या बाजूने कौल देईल.

मीही दिला होता. १९९३ साली आम्ही कराडला घर बांधलं. तेव्हा व्याजाचे दर चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात होते आणि मी बँकेत काम करणारी, मला ते व्याज रोज डोळ्यांसमोर चढताना दिसायचं. आमचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. गणपतीला दरवर्षी कुंभार्ली घाट उतरून एसटीने जायचो, पाच दिवस राहायचो. भाडं, सगळ्यांना कपडे, सासूबाईंना लुगडं, मोदकांचं सामान, असा दोन-अडीच हजारांचा खर्च. मी ठरवलं, कर्ज फिटेपर्यंत गाव बंद. ह्यांनी एकदाच विचारलं, ‘नक्की?’ मी वही दाखवली. ते गप्प बसले. १९९४, ९५, ९६, तीन गणपती आम्ही कराडच्या घरात कॅलेंडरवरच्या गणपतीला दूर्वा वाहून काढले. कर्ज ठरल्याआधी फिटलं. दाखला घेऊन घरी आले त्या दिवशी मी पेढे वाटले. त्याच वर्षी, १९९७ च्या आषाढात, सासूबाई गेल्या. गणपतीला दोन महिने होते. लुगडं मी आधीच घेऊन ठेवलं होतं.

त्या तीन वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत. भाद्रपदाच्या पानावर माझ्या अक्षरात आहे, ‘गावी जाणे : रद्द’, आणि शेजारी वाचलेली रक्कम, लाल शाईने अधोरेखित. तीन वर्षांचे मिळून सात हजार तीनशे. ह्यांनी मला शेवटपर्यंत कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुमची मुलगी आठवीत आहे. तेरा वर्षांनी कर्ज फिटेल तेव्हा ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, कुठल्या तरी गावात नोकरीला, कदाचित सासरी. मामंजी आज ७३ वर्षांचे आहेत. हे दोन आकडे कर्जाच्या तक्त्यात येत नाहीत. तुम्ही ते वहीत लिहा.

तरीही ह्यांची भीती खरी आहे आणि तिला वहीत तिची स्वतःची ओळ हवी. ज्याचं घर लहानपणी गहाण पडलं, त्याला ‘चला, मजा करू’ म्हणून समजावता येत नाही. त्याला आकडा लागतो. पण तो आकडा कर्जातला नसावा, हाताशी असलेल्या पैशांचा असावा. कर्जात जास्तीचे भरलेले पैसे उद्या कारखान्यात कपात झाली किंवा मामंजींना दवाखान्यात ठेवावं लागलं तर सहज परत मिळतीलच असं नाही. बँकेत वेगळ्या खात्यात ठेवलेले मिळतात. म्हणून पहिलं वर्ष असं करून बघा. चार हजारांपैकी दोन हजार अडीनडीच्या खात्यात. ४०० मुलांच्या वह्या-चपलांना. ६०० आहेर आणि वर्गणीला. हे सहाशे संपले की त्या महिन्यात पाकीट नाही, भेटायला जाऊन घरी केलेल्या रव्याच्या लाडवांचा डबा द्यायचा. आणि पूर्ण १,००० हौसेला. बाहेरून मागवायचं जेवण आणि सेल, दोन्ही बंद. टिंब मिळालं तर गोष्ट वेगळी. दिवाळीचा बोनस ह्यांनी हवा तर सगळा कर्जात भरावा, त्यांनाही समाधान हवं. अडीनडीची रक्कम पुरेशी झाली की मग महिन्याला हजार रुपये जास्त भरत जा. सुरुवातीपासून एवढेच भरले तरी वीस वर्षांतली अडीच वर्षं कमी होतात.

विम्याबद्दल थोडक्यात. आज घाईने मोडू नका, मध्येच मोडल्या तर अशा पॉलिसींत बरंच नुकसान होतं. पण ह्यांच्या माघारी घराला नेमके किती मिळतील ते कागदावर वाचा. कर्जाइतकी रक्कम नसेल तर निव्वळ मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) वेगळा घ्या, त्याचा हप्ता तुम्ही आज भरता त्याहून पुष्कळ कमी असतो. मग जुन्याचं काय करायचं ते शांतपणे ठरवा. मावसदिरांना राग येईल. येऊ द्या.

आणि भिशी सोडू नका. तुमच्या पत्रात दोनच ठिकाणी हसू आहे, एक हरिपूर आणि दुसरी भिशी. बाराजणींचे दोन-दोन हजार म्हणजे नंबर लागला की २४,०००. त्यातले पहिले २,२०० घेऊन त्याच दिवशी पेटी दुरुस्तीला टाका. उरलेले २१,८०० अडीनडीच्या खात्यात. दरमहाचे दोन हजार धरून वर्षअखेरीस तिथे जवळपास ४६,००० होतील, घराचा एक महिन्याचा खर्च व्हायला थोडेच कमी. तो आकडा ह्यांना दाखवा. त्या रात्री ते नीट झोपतात का बघा, आणि भिशी वायफळ म्हणतात का तेही.

नंबर उशिरा असेल तर पेटीसाठी थांबू नका, दोन महिन्यांच्या हौसेच्या हजारांतून आधी ती करा. तुम्ही मिरजेत राहता, बाई! खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, जिथे दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजून संगीत सभा भरते, जिथे सतारमेकर गल्ली आहे, त्या गावात मध्यमा पूर्ण झालेल्या बाईची पेटी भाता फाटून माळ्यावर पडते हे मला बघवत नाही. पेटी नीट झाली की आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी शिवणयंत्र बंद केल्यावर अर्धा तास बसा. मुलीला शेजारी बसवा.

अजून एक. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ह्यांना काय आवडतं ते कुठेच नाही. त्यांना विचारा. ‘मला काही नको’ म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका. हौसेच्या हजारातले दोनशे त्यांच्या नावापुढे लिहा आणि ‘कशासाठी’ ही जागा मोकळी सोडा. एक-दोन महिने ती मोकळीच राहील. ते पैसे दुसरीकडे वळवू नका, साठू द्या.

---

ताई, नमस्कार.

आम्ही दोघंही आयटीत, वाकडला राहतो. दोघांचे मिळून १,९०,००० येतात. हप्ते, गुंतवणूक सगळं वेळेवर होतं. हौसेवर महिन्याला ३५,००० तरी जातात : दर शनिवारी बाहेर जेवण, रविवारी सिनेमा किंवा मॉल, दीड-दोन महिन्यांतून रिसॉर्ट. तरी रविवारी रात्री रिकामं वाटतं. पैसे कमी नाहीत, मग काय चुकतंय?

*— एक वाचक, पुणे*

उत्तर

तुम्ही वयाने माझ्या मुलापेक्षा लहान असाल, म्हणून मोकळेपणाने लिहिते. हौस दर शनिवारी यायला लागली की तिचा रतीब होतो, दुधासारखा. आंबा बारा महिने मिळाला असता तर अक्षय्य तृतीयेला कुणी पेटीभोवती जमलं असतं का?

दोन महिने एक प्रयोग करा. बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा, आणि कुठे जायचं ते आधीच्या आठवड्यात दोघांनी मिळून ठरवायचं. ठरवण्यातच निम्मी मजा असते. उरलेल्या शनिवारी घरी काहीतरी असं करा ज्यात हात मळतील. तुमच्या पत्रात सगळ्या गोष्टी विकत घेतलेल्या आहेत. स्वतः केलेली एकही नाही, आणि तिसरं माणूसही नाही. आईवडील कुठे असतात? कॉलेजचे मित्र? त्या ३५,००० मधल्या चारपाच हजारांत जुन्या दोन मित्रांना सहकुटुंब बोलावून घरी मिसळ करा. भांडी त्यांना घासायला लावा.

बाकी रिसॉर्टचे फोटो काढायचे नाहीत असं ठरवून एकदा जाऊन या. फोटो न काढता जावंसंच वाटलं नाही, तर ते रिसॉर्ट हौसेचं नव्हतं, भिडेचं होतं.

---

सौ. ताईंना नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक, वय ७४, चिपळूण. पत्नी ७१ वर्षांची. निवृत्तिवेतन पुरतं. ज्येष्ठ नागरिक योजनेत पाच लाख ८.२ टक्क्यांनी ठेवले आहेत, त्याचं व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होतं, आम्ही त्याला हात लावत नाही. दोन्ही मुलं परदेशी. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी आलं, माझी चाळीस वर्षांत जमवलेली पुस्तकं आणि दिवाळी अंक गेले. त्यानंतर मी एकही पुस्तक घेतलं नाही. घ्यावंसं फार वाटतं, पण ह्या वयात पैसे आजारपणासाठी राखावेत, असं मन म्हणतं. पत्नी म्हणते, घ्या. काय करावं?

*— एक वाचक, चिपळूण*

उत्तर

गुरुजी, घ्या.

तुम्हाला हिशेबही हवा असेल, शिक्षक आहात. पाच लाखांचे ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४१,००० होतात, तिमाहीला १०,२५०. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी ह्या महिन्यांच्या सुरुवातीला ते जमा होतात. त्यांतले तीन हप्ते राहू द्या तसेच. ऑक्टोबरचा हप्ता तुमचा. तो नेमका दिवाळीच्या तोंडावर येतो, ह्याहून सोयीचं काय हवं? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाने ही हौस सोडलेली नाही, तुम्ही का सोडता?

आजारपणासाठी एक काम लगेच करा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. ही रक्कम कुटुंबाला मिळून असते. आधार घेऊन दोघांची कार्डं काढा आणि तुमच्या भागातली कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ती यादी फ्रिजवर चिकटवा. (मिरजेच्या ताईंनीही मामंजींचं कार्ड काढून घ्यावं. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, पण दवाखान्यात राहावं लागलं तर उपयोग होतो.) पुढच्या वर्षी तुम्हाला ७५ पूर्ण होतील, मग एसटीचा प्रवासही मोफत. सौभाग्यवतींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. पुस्तकं घ्यायला दोघं मिळून पुण्याला जा, पार्सलने मागवू नका. दुकानात उभं राहून चाळण्यातला आनंद पार्सलमध्ये येत नाही.

पण मला वाटतं, तुम्हाला अडवणारी गोष्ट आजारपण नाही. चाळीस वर्षांचं जमवलेलं चिखलात गेलेलं ज्याने पाहिलं, त्याला पुन्हा पहिलं पुस्तक घ्यायला धीर होत नाही. पुन्हा पाणी आलं तर? तुमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्या पुरात तेही भिजलं आणि पुन्हा उभं राहिलं. तिथे जाऊन बसा एक दिवस. तिथल्या माणसांना विचारा, पहिलं कपाट पुन्हा लावताना त्यांना काय वाटलं.

माझ्या माहेरी कृष्णेचं पाणी दोनदा घरात आलेलं आहे, त्यामुळे फळीबद्दल सांगू शकते. सुताराला बोलावून भिंतीत डोक्याच्याही वर, २०२१ ची पाण्याची रेघ जिथे असेल तिच्यापेक्षा हातभर उंच, एकच लांब फळी ठोकून घ्या. लोखंडी ब्रॅकेट लावा, लाकडी नको. स्टूलवर तुम्ही चढू नका, शेजारच्या मुलाला हाक मारा. आणि फळी भरायची घाई करू नका. ह्या दिवाळीला पाच अंक, तेवढेच. कोणते पाच घेतलेत ते मला पोस्टकार्डावर कळवा, मीही अजून माझी यादी केलेली नाही.